‘तृतीय रत्न’ आणि नवलेखकाची चौदा वर्षे

वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत ग्रंथनामापुढे कंसात जे वर्ष छापलेले असते ते बहुधा प्रकाशनाचे असते, आणि या एका साध्या सोयीमुळे इतिहासाचे चित्र नकळत बदलून जाते. लेखकाने ग्रंथ केव्हा रचला, तो घेऊन तो कोणाच्या दारी गेला, कोणी तो परत केला, आणि परत आलेल्या त्या कागदांचे पुढे त्याने काय केले, या गोष्टी त्या कंसात मावत नाहीत. जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाच्या बाबतीत तर हा कंस फारच अपुरा पडतो. नाटक लिहिले गेले १८५५ मध्ये. ते प्रथम छापले गेले १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. मध्ये एकशे चोवीस वर्षे लोटली. फुल्यांचे निधन १८९० मध्ये झाले. म्हणजे आपली पहिली कृती छापील स्वरूपात पाहण्याचा योग लेखकास आलाच नाही. १९६९ मध्ये धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादिलेल्या समग्र वाङ्मयाची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हाही हे नाटक तीत नव्हते. ते नंतरच्या आवृत्तींत आले.

नाटक उजेडात आल्यापासून त्याविषयी जी चर्चा झाली तिचा रोख बराचसा अग्रमानाकडे राहिला आहे. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक १८६१ चे. पहिल्या स्वतंत्र गद्य नाटकाचा मान परंपरेने त्याच्याकडे चालत आला होता. ‘तृतीय रत्न’ त्याच्या सहा वर्षे आधीचे ठरते, तेव्हा तो मान कोणास द्यावा असा हा वाद आहे. वाद निरर्थक नव्हे. तथापि जे नाटक समकालीनांनी वाचले नाही, पाहिले नाही, ज्याच्यापासून कोणी उचल घेतली नाही, ते परंपरेच्या आरंभी बसवणे म्हणजे इतिहासाची दुरुस्ती करण्याऐवजी त्याची समजूत घालण्यासारखे होते. त्या नाटकाने मराठी रंगभूमी घडवली नाही. घडवू दिले गेले नाही, असे म्हणणे अधिक अचूक होईल. परंतु त्याने एक लेखक मात्र निश्चित घडवला. नाकारली गेलेली पहिली कृती त्या लेखकाच्या पुढील लेखनात कोणत्या रूपाने शिल्लक राहिली, हा प्रश्न अग्रमानाच्या प्रश्नापेक्षा समीक्षेच्या अधिक जवळचा आहे. आणि त्याच्या उत्तरासाठी हवी ती सामग्री फुल्यांच्या ग्रंथांतच पडलेली आहे.

प्रथम ज्या दारी हे नाटक गेले त्या दाराविषयी थोडे सांगणे भाग आहे. श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची पेशव्यांची प्रथा १८१८ नंतर इंग्रज सरकारने पूर्णपणे मोडली नाही. त्या निधीतील काही भाग पुढे पाठशाळेकडे वळवला. १८४९ मध्ये लोकहितवादी आदी पुण्याच्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की, या पैशाचा काही अंश देशभाषेतील उत्तम ग्रंथांस बक्षीस म्हणून द्यावा आणि तो देताना जातीचा विचार करू नये. सनातनी मंडळी या अर्जामुळे खवळली. अर्जदारांस उपद्रव होईल असे दिसताच फुले आपले सोबती घेऊन त्यांच्या संरक्षणासाठी उभे राहिले, अशी हकीकत चरित्रकारांनी दिली आहे. या चळवळीचे फळ म्हणून १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. ग्रंथकारांसाठी जे दार उघडावे म्हणून फुल्यांनी अंगावर येणारा मार सोसण्याची तयारी दाखवली, त्याच दारी चार वर्षांनी ते स्वतः ग्रंथकार म्हणून गेले. त्या वेळी ते अठ्ठावीस वर्षांचे होते.

एरवी ते अप्रसिद्ध नव्हते. १८४८ पासून त्यांनी चालवलेल्या मुलींच्या व अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या शाळांची कीर्ती झाली होती. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारच्या वतीने त्यांचा शालजोडी देऊन सत्कारही झाला होता. शिक्षक म्हणून ज्याचा गौरव झाला तो गृहस्थ ग्रंथकार म्हणून मात्र अगदी नवखा होता, आणि एका क्षेत्रातील मान्यता दुसऱ्या क्षेत्रात चालत नाही याचा अनुभव त्याला लवकरच यावयाचा होता.

छापून येण्याचे अन्य मार्ग त्यांस ठाऊक नव्हते असेही नाही. ते त्यांच्या घरातच होते. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ मध्ये, म्हणजे पतीच्या नाटकाच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाला. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता नावाची मांग समाजातील मुलगी; तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ‘ज्ञानोदया’त दोन हप्त्यांनी छापला गेला. शिष्या छापली गेली, पत्नी छापली गेली, आणि गुरूचे नाटक तेवढे राहिले, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. यातून एक अनुमान काढता येते. ‘ज्ञानोदय’ हे मिशनऱ्यांचे पत्र होते आणि नाटकात पाद्री हे एक प्रमुख पात्र आहे. तेव्हा मिशनऱ्यांचे साह्य मागणे फुल्यांस अवघड नव्हते. त्यांनी नाटक नेले ते मात्र कमिटीकडे. सरकारी निधीवर आणि विद्वानांच्या मान्यतेवर शूद्राचा हक्क आहे, हे प्रस्थापित करण्यास दुसरी जागा योग्य नव्हती. मिशनच्या छापखान्यात छापले गेलेले नाटक मिशनचे म्हणून बाजूस सारता आले असते. कमिटीने स्वीकारलेले नाटक मराठी ग्रंथ म्हणून मानावेच लागले असते. नवलेखकास छापून येणे एवढेच हवे असते असे समजण्याची चूक समीक्षेने करू नये. कोठे छापून यावयाचे, हाही त्याच्या आकांक्षेचा भाग असतो.

आता नाटकाकडे वळता येईल. कथानक लहान आहे. एक जोशी कुणब्याच्या दारी येतो. घरधनी बाहेर गेलेला. घरात त्याची गरोदर बायको. जोशी पंचांग उघडून तिच्या पोटातील जिवास ग्रहांची पीडा असल्याचे सांगतो. ती घाबरते. नवरा परत आल्यावर तीच त्याची समजूत घालते, तो कुरकुरत कबूल होतो, ग्रहशांतीचा घाट घातला जातो, ब्राह्मणांची जेवणे उठतात, आणि कुणब्याच्या घरात कर्ज शिल्लक राहते. पुढे पाद्र्याशी गाठ पडते, दीर्घ संवाद होतो, आणि नवराबायकोच्या ध्यानात येते की, आपल्या अज्ञानाचा कोणी व्यापार केला आहे. शेवटी ती दोघे फुले पतिपत्नींनी चालवलेल्या रात्रीच्या शाळेत जावयाचे ठरवतात. ही शाळा कल्पित नाही. प्रौढांसाठी अशी शाळा फुल्यांनी त्याच वर्षी काढली होती. नाटकाच्या नावाचा अर्थ शिक्षणरूपी तिसरा डोळा असा लावला जातो तो या शेवटाला धरूनच.

या सर्वांत खरा जिवंत भाग पहिला आहे. जोश्याचे बोलणे हे एखाद्या कसलेल्या विक्रेत्याचे बोलणे आहे. तो प्रथमपासून मागत नाही. तो आधी हळहळतो, मग गप्प बसतो, मग अर्धे सांगून थांबतो. आणि उरलेले अर्धे ती बाईच आपल्या भयाने पुरे करते. पोटातील मुलाविषयीचे आईचे भय हे या व्यवहारातील भांडवल आहे, ही गोष्ट लेखकाने व्याख्यान न देता संवादांतून दाखवली आहे. नवऱ्याचे पात्र त्याहूनही सूक्ष्म आहे. त्याचा जोश्यावर पुरता विश्वास नाही, पण अविश्वास दाखवण्याचे धैर्यही नाही. कारण उद्या काही बरेवाईट झाले तर त्याचा दोष आपल्या माथी येईल हे तो जाणतो. श्रद्धेपेक्षा या हिशेबी भीतीनेच त्याचा हात कमरेच्या कशाकडे जातो. १८५५ मधील मराठी नाट्यलेखनात माणसाच्या मनाची ही दुभंग अवस्था अन्यत्र शोधावयास गेल्यास हाती फारसे लागत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ उभे केल्यापासून रंगभूमीवर राजे, ऋषी व राक्षस यांचा वावर होता. कुणब्याची ओसरी तेथे अद्याप आली नव्हती.

विदूषकाची योजना ही या नाटकाची दुसरी लक्षणीय गोष्ट. पात्र जुने आहे. संस्कृत नाटकांत तो राजाचा खुषमस्कऱ्या मित्र, भाव्यांच्या खेळांत तो आरंभी सूत्रधाराशी थट्टा करून जाणारा. फुल्यांनी त्याला खेळ सुरू झाल्यावर आत न पाठवता बाहेर उभे करून ठेवले आहे. प्रत्येक टप्प्यास तो प्रेक्षकांकडे वळून बोलतो. जोश्याच्या शब्दाचा खरा अर्थ काय, कुणब्याने कोठे फसावयास नको होते, येथे कोण काय लपवीत आहे, हे तो उघडे करतो. रंगमंचावरील माणसांस त्याचे बोलणे ऐकू जात नाही. यामुळे प्रेक्षकांची स्थिती विलक्षण होते: त्यांना सर्व कळते आणि काही करता येत नाही. ज्या प्रेक्षकांच्या घरी हाच प्रसंग काल घडला असेल, त्यांच्या मनात याने काय उलथापालथ झाली असती याची कल्पनाच करावी लागते.

नाटकाचा उत्तरार्ध मात्र त्या मानाने शिथिल आहे, हे मान्य केले पाहिजे. पाद्री बोलू लागला की संवादातील पेच नाहीसा होतो. एकाने शंका विचारावी, दुसऱ्याने निरसन करावे, तिसऱ्याने मान डोलवावी, असा तो प्रकार होतो. विदूषकाची धारही येथे बोथट होते, कारण जे लपलेले नाही ते तो उघडे काय करणार? या भागाचे एकच वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. इतक्या उपदेशानंतर नवराबायको चर्चमध्ये जात नाहीत; शाळेत जातात. पाद्र्याने वाट दाखवली, पण मुक्कामाचे ठिकाण त्याचे नाही. नाटककाराने मिशनरी पुस्तिकांचा साचा उसना घेतला आणि त्याचा शेवट बदलला. नवलेखकांच्या पहिल्या कृतींत हे नेहमी दिसते: सांगाडा दुसऱ्याचा असतो, वळण स्वतःचे.

या दोन भागांतील विषमतेचे कारण केवळ अननुभव नव्हे. नाटकाचे श्रोते दोन आहेत, आणि ते एकमेकांपासून फार दूर बसलेले आहेत. विदूषक ज्यांच्याशी बोलतो ते माळी-कुणबी. त्यांतील बहुतेकांस अक्षर येत नाही. उत्तरार्धातील युक्तिवाद ज्यांच्यासाठी रचला आहे ते कमिटीचे विद्वान सभासद; त्यांस विषयाचे गांभीर्य पटवावयाचे आहे. परीक्षकाच्या मेजावर जावयाचे आणि ओसरीवर बसलेल्या माणसासही हलवावयाचे, अशी दुहेरी ओढ या एका लहान नाटकात आहे. ज्या लेखकाचा वाचकवर्ग आणि ज्याचा परीक्षकवर्ग हे दोन भिन्न समाज असतात, त्याची पहिली कृती अशीच दुभंगते. याउलट, कीर्तने यांनी माधवराव पेशव्यांवर नाटक लिहिले तेव्हा त्यांचे वाचक, त्यांचे परीक्षक व त्यांचे सहाध्यायी यांत असे अंतर नव्हते. त्यांच्या नाटकाची एकसंध बांधणी हा त्यांचा गुण खरा, पण तो गुण त्यांच्या परिस्थितीने त्यांस सुलभ करून दिला होता.

कमिटीने नाटक नापसंत केले. याविषयीची हकीकत फुल्यांनीच १८७३ च्या ‘गुलामगिरी’त संवादाच्या ओघात सांगितली आहे. तिचा आशय असा की, आपण १८५५ मध्ये एक लहानसे नाटक रचून कमिटीपुढे ठेवले. परंतु भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही. तेव्हा आपण ते पुस्तक एकीकडे टाकले आणि काही वर्षे लोटल्यावर ब्राह्मणांच्या कसबाविषयी दुसरे लहानसे पुस्तक रचून ते स्वतःच्या खर्चाने छापले. ही एका पक्षाची साक्ष आहे, आणि ती अठरा वर्षांनंतरची, एका वादग्रंथातील आहे, हे टीकाकाराने विसरता कामा नये. उत्तरार्धाचा शिथिलपणा पाहता वाङ्मयीन कारणानेही कोणी परीक्षक नाखूश झाला असेल, असा पक्ष मांडता येण्यासारखा आहे. पण या पक्षात फारसा जीव नाही. नाटकाचा दोष उत्तरार्धात आहे, आणि अंगास झोंबणारा भाग पूर्वार्धात. ज्या सभासदांच्या ज्ञातिबांधवांच्या उपजीविकेचा तो व्यवहार होता, त्यांनी पूर्वार्ध शांतपणे बाजूस ठेवून उत्तरार्धाच्या रचनेविषयी चर्चा केली असेल, हे मानणे कठीण आहे. शिवाय फुल्यांच्या साक्षीत एक गोष्ट तिच्या खरेपणाची खूण म्हणून दाखवता येईल: आपले नाटक उत्तम होते असा दावा ते तेथे करीत नाहीत. पुस्तक एकीकडे टाकले, एवढेच म्हणून ते पुढे जातात.

नवलेखकाच्या चिकाटीचे जे रूढ चित्र आहे त्यात हा शब्दप्रयोग बसत नाही. रूढ चित्रातील लेखक परत आलेले हस्तलिखित दुरुस्त करतो, पुन्हा पाठवतो, पुन्हा परत येते, आणि अखेरीस एके दिवशी संपादकाचे स्वीकृतिपत्र येते. असे चित्र लेखकांच्या आत्मचरित्रांना मानवते, कारण ती आत्मचरित्रे छापली गेलेल्यांची असतात. त्यात परीक्षकाचा नकार हा अखेर हितकारक ठरतो. जणू तो लेखकास तावून सुलाखून घेण्यासाठीच होता. फुल्यांनी नाटक दुरुस्त केले नाही. परीक्षकांस रुचेल अशा बेताने जोश्यास सौम्य केले नाही. दुसऱ्यांदा त्या दारी गेलेही नाहीत. यास चिकाटीचा अभाव म्हणावे काय? १८५५ ते १८६९ ही चौदा वर्षे त्यांच्या ग्रंथसूचीत कोरी आहेत. आयुष्यात ती कोरी नव्हती. शाळा होत्या, बांधकामाची कंत्राटे होती, १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. आणि १८६९ मध्ये जेव्हा ते पुन्हा ग्रंथकार म्हणून पुढे आले, तेव्हा शिवाजीमहाराजांवरील पोवाडा आणि ‘ब्राह्मणांचे कसब’ ही दोन पुस्तके एकाच वर्षी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ‘सत्यदीपिके’त त्यांचा शिक्षणखात्यातील पंतोजींवरील लहान पोवाडाही आला. लेखणी खाली ठेवलेला मनुष्य असा एकाएकी वाहू लागत नाही.

या पुस्तकांत जे बदलले ते पाहिले म्हणजे नकाराचे खरे परिणाम हाती लागतात. पहिला बदल अर्पणाचा. १८५५ मध्ये कृती कमिटीकडे गेली होती. ‘ब्राह्मणांचे कसब’ महाराष्ट्रातील कुणबी, माळी, मांग, महार यांस नजर केलेले आहे. चार वर्षांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण झाली. वरच्या दिशेने गेलेला पहिला कागद परत आल्यावर दुसरा खाली गेला आणि तिसरा समुद्रापार. मधल्या पायरीवर, म्हणजे पुण्याच्या विद्वन्मंडळात, यांपैकी एकही थांबला नाही.

दुसरा बदल भाषेचा व छंदाचा. पोवाड्याच्या प्रस्तावनेत फुले सांगतात की, लांबलचक संस्कृत शब्द आपण घातले नाहीत, आणि माळ्याकुणब्यांस समजेल अशी सोपी भाषा व आवडेल अशी चाल यासाठी पुष्कळ श्रम केले. सोपेपणास श्रम पडतात, हे येथे एका लेखकाने स्वानुभवाने लिहिले आहे. परंतु पोवाड्याची निवड केवळ सोपेपणासाठी नव्हती. नाटकास नट हवेत, जागा हवी, आणि छापावयाचे तर खर्च हवा. पोवाडा एकाने वाचला की दहांच्या कानी जातो आणि त्यांतल्या एकाच्या तोंडी राहतो. प्रकाशनाचा मार्ग बंद झालेल्या लेखकाने असा प्रकार पत्करला की ज्यात गाणारा तोच प्रकाशक असतो. शाहिरी कवनाच्या रिवाजाप्रमाणे त्यात कवीची नाममुद्राही आली. नाटकात फुल्यांचे नाव पडद्यामागच्या शाळेचे चालक म्हणून येते. पोवाड्यात गाणारा म्हणून येते. ‘गुलामगिरी’त तर ‘जोतीराव’ हे संवादातील एक पात्रच होऊन धोंडीबाशी समोरासमोर बोलू लागते. विदूषकाच्या आडून बोलणारा लेखक अठरा वर्षांत स्वतःच्या नावाने पुढे आला. कमिटीने नाटक स्वीकारले असते तर तो विदूषकाच्या आडच राहिला असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण नकारानंतर आड राहण्याचे प्रयोजन उरले नव्हते, एवढे खास.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती बदलाची नसून सातत्याची आहे. टाकून दिलेल्या नाटकाचा विषय फुल्यांनी टाकून दिला नव्हता. गर्भातील जिवाच्या नावाने सुरू होणारी जोश्याची वसुली ‘ब्राह्मणांचे कसब’मध्ये पद्यात पुन्हा येते, तेथे ती एका कुणबिणीची गोष्ट राहत नाही, जन्मापासून पुढच्या प्रत्येक विधीस लागू होणारी मालिका होते. १८८३ मध्ये लिहून पुरा झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या पहिल्या प्रकरणात तोच विषय गद्य निबंधात येतो, आणि तेथे ही मालिका गर्भाधानापासून मृत्यूनंतरच्या विधींपर्यंत वाढत जाते. नाटक, पद्य, निबंध: अठ्ठावीस वर्षांत एकच गाभा तीन वेळा रचला गेला. तिन्ही एकत्र ठेवून वाचली असता लाभ व हानी दोन्ही दिसतात. प्रत्येक पायरीस व्याप्ती वाढली. ‘असूडा’त शेतकऱ्याच्या दारिद्र्याची जी साखळी दाखवली आहे, तीत पुरोहित हा एक दुवा, सरकारी अंमलदार हा दुसरा, कर्ज व सारा हे आणखी, एवढे विस्तृत चित्र नाटकात येणे शक्य नव्हते. पण ओसरीवरची ती बाई, अर्धे वाक्य ऐकून पांढरी पडलेली, ती मात्र पुन्हा कोठे भेटत नाही. मालिका झाली की माणूस हरपतो. ‘असूडा’त शेतकऱ्याच्या घरादाराची व अंगणाची जी वर्णने आहेत त्यांतून जुना नाटककार मधूनच डोकावतो, आणि तेथे निबंधाचा श्वास बदलतो. फुल्यांस नाट्यदृष्टी होती. तिला दुसरे नाटक लिहिण्याची संधी मिळाली नाही. कमिटीच्या निर्णयाने मराठी वाङ्मयाचे जे नुकसान झाले ते एका नाटकाचे नव्हे, न लिहिलेल्या नाटकांचे होय.

नकार हा प्रकार १८५५ बरोबर संपला असेही नाही, आणि तो केवळ विरोधकांकडून आला असेही नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे सत्यशोधक चळवळीतील ‘दीनबंधु’ने छापली आणि पुढे छापणे थांबवले. संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे फुल्यांचेच सहकारी. पत्र चालवणाऱ्याच्या अडचणी असतात, आणि लोखंड्यांचे कार्य पाहता त्यांस भित्रा म्हणणे न्याय्य होणार नाही. फुल्यांनी मात्र राग लपवला नाही. या वेळी त्यांनी केले ते हे की, हस्तलिखित घेऊन ते गावोगाव गेले. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी त्यातील भाग लोकांस वाचून दाखवले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. छापखाना नसेल तर आवाज आहे, हे उत्तर त्यांस १८५५ मध्ये सुचलेले नव्हते. तेव्हा त्यांनी हस्तलिखित एकीकडे टाकले होते. दोन नकारांना दिलेल्या या दोन उत्तरांत जे अंतर आहे, त्यास नवलेखकाचा लेखक होणे म्हणता येईल.

छापून आल्याने मान्यता येते हाही एक भ्रम, आणि तो फुल्यांच्या बाबतीत लवकर दूर झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेतला तो मुख्यत्वे व्याकरण, शुद्धलेखन व शब्दयोजना यांच्या थट्टेने. विष्णुशास्त्र्यांच्या लेखणीचे तेज कोणी नाकारणार नाही. पण ज्या वाचकासाठी ‘लांबलचक संस्कृत शब्द’ जाणूनबुजून गाळले होते, त्या वाचकाचा विचार त्या परीक्षणात कोठेही नाही. कमिटीच्या बंद खोलीत जे झाले असावे तेच येथे चव्हाट्यावर झाले. फरक इतकाच की आता पुस्तक छापलेले होते आणि ते परत करता येत नव्हते.

१८८५ मध्ये पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरावयाची होती. न्यायमूर्ती रानड्यांकडून फुल्यांस तिचे निमंत्रण गेले. कमिटीच्या नकारास तीस वर्षे झाली होती. फुल्यांनी पत्र लिहून येण्याचे नाकारले, आणि ते पत्र ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. सर्व मनुष्यांचे हक्क जे मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांचा व पुस्तकांचा आमच्या सभांशी व पुस्तकांशी मेळ बसणार नाही, असा त्याचा इत्यर्थ आहे. या पत्राचे वाचन सामान्यतः सामाजिक भूमिकेचे निवेदन म्हणून केले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि ते ग्रंथकारांच्या सभेस एका ग्रंथकाराने लिहिलेले पत्र आहे, ही गोष्टही नजरेआड होऊ नये. १८५५ मध्ये ज्याने ग्रंथकार म्हणून आत घ्या असे म्हटले होते, त्याने १८८५ मध्ये आत येण्याचे निमंत्रण परत केले. मधल्या काळात त्याने आपला वाचक, आपली भाषा आणि आपला छापण्याचा खर्च, सर्व स्वतः उभे केले होते. रानड्यांच्या निमंत्रणात सद्भाव नव्हता असे म्हणण्यास काही आधार नाही. ते उशिरा आले, एवढेच.

१९७९ मध्ये नाटक छापले गेले तेव्हा त्याला जे वाचक मिळाले ते अभ्यासक होते, कार्यकर्ते होते, विद्यापीठांतील विद्यार्थी होते. त्यांनी ते टिपा देऊन, तुलना करून वाचले. विदूषक ज्यांच्याकडे तोंड करून बोलतो, ती १८५५ मधील पुणे परगण्यातील अक्षरशून्य माळीकुणबी मंडळी त्यांत असणे शक्य नव्हते. त्यामुळे आज नाटक वाचताना विदूषकाच्या प्रत्येक भाषणापाशी एक रिकामी जागा जाणवते. वाचकास त्याचा विनोद समजतो, त्याचा रोख समजतो. पण तो ज्यांना ‘पाहा’ म्हणून खुणावतो आहे ते कोणी समोर बसलेले नाहीत.